पदाच्या आधीचं वाक्य

कोळवण खोरे, ता. मुळशी
१५ फेब्रुवारी २०२२

चि. वैदेही हिस,


तुझं रेकॉर्डिंग परवा मिळालं. वाडीत रेंज नाही हे तुला माहीत आहे. राबासाठी शेणगोवऱ्या टाकून झाल्या आणि संध्याकाळी खिंडीपर्यंत चालत गेलो. तिथल्या दगडावर बसून तीनदा ऐकलं. तुझा गळा तयार झाला आहे, सूर कुठेही हलत नाही, आणि तीन वर्षं तू पहाटे उठून बसलीस त्याचं चीज झालं आहे. हे आधी सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तू हे विसरशील.

‘एकच प्याला’ नाटकातल्या सिंधूचं दळणाचं पद तू कीर्तीताई शिलेदारांच्या ध्वनिमुद्रणावरून बसवलंस. प्रत्येक हरकत उचललीस, मुरकी उचललीस, जिथे त्यांनी श्वास घेतला तिथेच तूही घेतलास. तुझ्या आईला ते फार आवडलं. मला मात्र शेवटी शेवटी ऐकवेना. महिनाअखेरीस कॉलेजात त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम आहे, त्यात तू हेच गाणार म्हणतेस, म्हणून लगेच लिहायला बसलो.

२२ जानेवारीला कीर्तीताई गेल्या. वय ६९. त्यानंतर पंधरवडाभरात, ६ फेब्रुवारीला, लतादीदी गेल्या आणि सगळा देश त्या दुःखात बुडाला. ते व्हायचंच होतं. पण मला त्या दिवशी राहून राहून वाटत होतं की या दोघी मुळात एकाच घरच्या, संगीत नाटकाच्या. लतादीदींचे वडील मास्टर दीनानाथ म्हणजे बळवंत संगीत मंडळी, रंगमंचावर गाणारा माणूस. त्यांच्या लेकीचा आवाज सिनेमातून जगभर गेला. शिलेदारांची लेक जिथे जन्मली त्याच रंगमंचावर उभी राहिली. कुणाचं मोठं आणि कुणाचं लहान हे मी ठरवत नाही. एवढंच, की दुसरीची आठवण कशी ठेवायची हे आपल्याला अजून नीट जमलेलं नाही. लतादीदींचं गाणं रेकॉर्डवर पूर्ण आहे. कीर्तीताईंचं गाणं रेकॉर्डवर अर्धंच आहे.

अर्धं का, ते सांगतो.

१९४७ साली ‘रामजोशी’ सिनेमा आला. त्यातले रामजोशी म्हणजे जयराम शिलेदार. सिनेमा खूप चालला. अशा माणसाने सिनेमातच राहायचं ठरवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. बोलपट आल्यापासून संगीत नाटकाच्या कंपन्या एकेक करून मोडल्या होत्या, कपडेपट विकले गेले होते, गायक नट पोटासाठी मिळेल ते करत होते. अशा काळात, १९४९ साली, जयरामजी आणि जयमालाबाईंनी ‘मराठी रंगभूमी’ ही नाटक मंडळी पुण्यात उभी केली. जयमालाबाईंनी बालगंधर्वांच्या सहवासात काम केलेलं, ती गायकी त्यांनी आतपर्यंत मुरवलेली. त्या घरात १९५२ साली कीर्तीताई जन्मल्या. लहानपणापासून कानावर काय पडलं असेल याचा विचार कर. नुसती पदं नव्हेत. पदाच्या आधीचं बोलणं, मागून येणारं बोलणं, विंगेतली कुजबूज, पडदा ओढल्याचा आवाज, सगळंच.

पुढे नीळकंठबुवा अभ्यंकरांकडे त्यांची तालीम झाली. असा गळा असलेल्या बाईला मैफलींवर आयुष्य काढता आलं असतं. निवडक पदांचे कार्यक्रम करणं केव्हाही सोपं: एक ऑर्गन, एक तबला, चार लुगडी, संपला खर्च. पूर्ण नाटक म्हणजे पंधरावीस माणसं, नेपथ्य, ट्रक, तालमी, थिएटरचं भाडं आणि निम्मं रिकामं प्रेक्षागृह. कीर्तीताईंनी आणि त्यांच्या बहिणीने, दीप्ती भोगले यांनी, पूर्ण नाटक सोडलं नाही. सुभद्रा, रुक्मिणी, भामिनी, कान्होपात्रा या बायका त्यांनी पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत जगवल्या. २०१८ साली मुलुंडच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. मी त्या मानाकडे याच हट्टाचा मान म्हणून पाहतो.

आता माझी एक चूक सांगतो. तुझी आई तेव्हा शाळेत होती. आपल्या खोऱ्यात एका सप्ताहाच्या शेवटी लोकांना नाटक दाखवायचं ठरलं. आम्ही हौशी मंडळी, पेटीवर मी. ‘एकच प्याला’ घ्यायचं होतं, पण माणसं जमेनात, वेळ पुरेना. मीच म्हणालो, गद्य काढून टाकू, सिंधूची पदं तेवढी ठेवू, लोकांना गाणंच हवं असतं. पुण्याहून एक मुलगी आणली, सुरेख गायची. देवळापुढे ताडपत्रीवर दोनअडीचशे माणूस बसलेलं. मुलगी गायली, टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपला आणि पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या आजी पेटीपाशी आल्या. मला म्हणाल्या, “मास्तर, लई ग्वाड गायली पोर. पन ती बाई रडत का व्हती?”

मी गप्प. त्या उभ्याच. मग मी पेटी मिटली, खाली बसलो आणि त्यांना सिंधूची गोष्ट सांगितली. हुशार वकील नवरा, एका प्याल्याने सुरू झालेलं व्यसन, गेलेली सनद, विकलेले दागिने. बापाघरची श्रीमंती असताना, भाऊ मदतीला उभा असताना, कुणाच्या पैशाला हात लावायचा नाही म्हणून लोकांचं दळण दळून पोराला जगवणारी बाई. आजींनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, “आता कळलं. आता तिला म्हनाया सांग पुन्यांदा.”

ती मुलगी एव्हाना गाडीत बसली होती.

तुझं रेकॉर्डिंग ऐकताना त्या आजी आठवल्या. तुझ्या गाण्यात हरकती सगळ्या आहेत. दळण नाही.

तुझ्या आजीचं जातं पडवीत कोपऱ्यात अजून आहे. तू लहानपणी त्यावर बसून खेळायचीस, पण ते फिरताना तू कधी ऐकलं नाहीस. मी ऐकलं आहे. माझी आई पहाटे नाचणी दळायची. डावा पाय लांब, उजवा दुमडलेला, एका हाताने खुंटा, दुसऱ्याने वैरण. खुंटा पुढे लोटताना अंगातला जोर जायचा आणि तेव्हा शब्द तुटायचा. खुंटा स्वतःकडे येताना श्वास मोकळा व्हायचा आणि तेव्हा ओवीचा सूर लांबायचा. जातं जड झालं की चाल आपोआप सावकाश व्हायची. दाणे संपत आले की दगडाचा आवाज बदलायचा आणि आई ओवीच्या मध्येच थांबून मूठभर नाचणी टाकायची. मग जिथे तोडलं तिथूनच पुढे. तिला कुणी लय शिकवली नव्हती, तिच्या दंडाने शिकवली होती. सिंधू तर याहून वाईट अवस्थेत आहे: सवय नाही, पोटात अन्न नाही, शेजारी मूल. ती दळता दळता गाते तेव्हा तिच्याजवळ तानेपुरता श्वास उरतो का? उरतो तिथेच तान घे. उरत नाही तिथे, तुला येत असली तरी, घेऊ नकोस.

तू म्हणशील, मामा, रेकॉर्डमध्ये ती जागा आहे. असेल. ध्वनिफितीसाठी गायलेलं पद आणि नाटकात गायलेलं पद यांत फरक असतो. नाटकातही आज घेतलेली जागा उद्याच्या प्रयोगात तशीच येईल असं नाही, कारण समोरच्या नटाने वाक्य आज वेगळं टाकलेलं असतं. पद त्या वाक्यातून वर येतं. जुने ऑर्गनवाले वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांखाली सूर हलकेच धरायचे, नट बोलता बोलता त्या सुरावर यायचा आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे सुरू झालं ते कळायचं नाही. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं तेव्हापासूनची ही आपली वाट आहे. परदेशात ऑपेरा असतो, तिथे बहुधा सगळंच गायचं. आपल्याकडे बोलणारा माणूस बोलणं अपुरं पडलं की गातो. म्हणून पदाच्या आधीचं वाक्य ज्याला ठाऊक नाही, त्याला पद ठाऊक नाही. कीर्तीताईंचं गाणं रेकॉर्डवर अर्धं आहे म्हणालो ते एवढ्यासाठी.

हुबेहूब गाण्याच्या मोहाविषयीही लिहायला हवं. बालगंधर्वांच्या मागे कितीतरी लोक त्यांची नक्कल करत राहिले. त्यांचा लाडिक उच्चार घेतला, मान वळवणं घेतलं. ती सगळी नक्कल विरून गेली. जयमालाबाईंनी गंधर्वांकडून शब्दाला धरून गाणं घेतलं आणि आवाज स्वतःचा ठेवला. कीर्तीताईंनी आईकडून तेच घेतलं, पण त्यांचा आवाज आईसारखा नाही. दोघींच्या ध्वनिफिती एकामागोमाग लाव, तुला लगेच कळेल. तू कीर्तीताईंचा श्वास घेतलास, वैदेही. श्वास तेवढा उसना घ्यायचा नसतो. तो ज्याचा त्याच्या छातीचा.

‘स्वरसम्राज्ञी’ची गोष्ट मिळाली तर तीही वाच. विद्याधर गोखल्यांचं नाटक, १९७२चं. कीर्तीताईंचं नाव घराघरांत गेलं ते यानेच. तमाशात गाणारी एक मुलगी शास्त्रीय गाणं शिकते आणि मोठी गायिका होते. आपल्याकडच्या जत्रांत तमाशा ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला त्या नाटकाने एक धीर दिला. मी ते पुण्यात पाहिलं, शेवटच्या रांगेत बसून, शेवटची एसटी चुकवून. रात्र स्वारगेटच्या बाकावर काढली. त्या मुलीचं गाणं अंकागणिक कसं बदलत जातं ते मी ऐकत होतो. आधी उघडा, रांगडा आवाज, मग अडखळणं, मग शिस्त, आणि शिस्तीच्या आतून पुन्हा तोच मूळचा उघडेपणा. ही वाढ एका पदात दाखवता येत नाही. त्यासाठी तीन तास लागतात आणि तीन तास ती मुलगी होऊन राहावं लागतं.

आता पुन्हा सिंधूकडे येतो. तिचे नाटककार गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले आणि ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यानंतर महिन्याच्या आत बडोद्याला झाला. त्यांची सिंधू त्यांनी रंगमंचावर कधी पाहिलीच नाही. पदंही त्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. आणि तरी शंभर वर्षांनंतर मी आणि तू तिच्या श्वासावरून भांडतो आहोत. हे कशामुळे घडलं? मधल्या प्रत्येक पिढीत कुणीतरी ती अख्खी उचलून पुढे नेली म्हणून. कीर्तीताई त्या नेणाऱ्यांतल्या.

मुळशी धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा बुडालेल्या गावांच्या जोत्यांचे दगड उघडे पडतात, ते तू पाहिले आहेस. माझे आजोबा बोट दाखवून सांगायचे, हे अमक्याचं घर, हा पार, इथे मुळशी सत्याग्रहात सेनापती बापटांची माणसं जमली होती. आजोबा गेले आणि त्यानंतर मला ते सगळे दगड सारखेच दिसतात. नाटक गेलं आणि पदं राहिली तर पदांचंही तेच होईल, याची मला खरी भीती वाटते.

तेव्हा कार्यक्रमात असं कर. फोटोला हार घालून निवेदक “एक युग संपलं” वगैरे म्हणेल, म्हणू दे. तुझी पाळी आली की एकदम षड्ज लावू नकोस. आधी सिंधू कोण, या दळणापर्यंत कशी आली, ते चारपाच वाक्यांत साध्या बोलण्यात सांग. मग सिंधूचं पदाआधीचं गद्य पाठ म्हण, गडकऱ्यांचं आहे तसं, एक शब्द न बदलता. ऑर्गनवाल्याला आधी सांगून ठेव की शेवटच्या शब्दांखाली सूर धर. तिथून पद उचल. वन्समोअर आला तर नमस्कार कर आणि उठ. दळणाऱ्या बाईला वन्समोअर नसतो.

नाटकाचं पुस्तक माझ्याकडे आहे, पानं सुटली आहेत पण अंक पुरे आहेत. शनिवारी ये. पौडला उतर, मी स्टँडवर आलेलो असेन. जात्याचा खुंटा सैल झालाय, तो उद्या ठोकून घेतो. वरच्या दगडाला टाकीही लावून घेतो. नाचणी दोन पायली निवडून ठेवली आहे. आईला सांग, पोरगी रविवारी संध्याकाळी येईल आणि तिचे दंड दुखत असतील.

तुझा,
मामा