उशीची उंची तुमच्या खांद्याला विचारा

सकाळी मान आखडली की पहिला संशय उशीवर जातो, आणि नवी उशी घ्यायची तर ती मेमरी फोमचीच, असं हल्ली बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. हा फोम नासाचा, असं दुकानदार सांगतात. ते खरं आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी १९६६ साली तो विमानातल्या आसनांसाठी तयार केला. अंगाच्या उबेने तो मऊ पडतो, डोक्याचा आकार घेतो आणि भार काढला की सावकाश वर येतो. पण फोम कितीही उत्तम असो, उंची चुकली तर मान दुखणारच. म्हणून फोमची जात नंतर बघा, आधी आपण झोपतो कसे ते बघा.

कुशीवर झोपणाऱ्यांच्या कानापासून गादीपर्यंत खांद्याएवढी पोकळी राहते. ती भरून काढणं एवढंच उशीचं काम. मोठ्या माणसांत ही उंची साधारण ४ ते ६ इंच असते, तीही डोकं टेकून उशी दबल्यानंतरची. वेष्टनावर छापलेली उंची न दबलेल्या उशीची असते, हे विसरू नका. रुंद खांद्याच्या नवऱ्याला आणि चणीने लहान बायकोला एकाच मापाची जोडी आणून चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मानदुखीत ही चूक फार दिसते. गादीचाही हिशेब धरा. कापसाच्या घट्ट गादीत खांदा रुतत नाही, तिथे उशी उंच हवी. जाड, मऊ गादीत तो आत जातो, मग तीच उशी उंच होते.

माप घरीच काढता येतं. चादरीच्या घड्या डोक्याखाली घेऊन कुशीवर झोपा आणि घरातल्या कुणाला तरी पाठीमागून पाहायला सांगा. मान आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत येईपर्यंत घड्या वाढवा किंवा कमी करा. जमलं की दबलेल्या घड्यांची उंची पट्टीने मोजा. दुकानात याच मापाची उशी मागा, आणि ती हाताने दाबून पाहू नका. तिच्यावर दहा मिनिटं पडून राहा. ऊब लागल्याशिवाय हा फोम किती खाली जातो ते कळत नाही.

उताणं झोपणाऱ्यांना कमी उंची लागते, ३ ते ४ इंच बहुधा पुरतात. हनुवटी छातीकडे झुकली तर उशी उंच आहे. दोन्ही कडा उंच असलेली लाटेच्या आकाराची उशी घेतलीत, तर उंच कड मानेच्या खळगीत यायला हवी, डोकं मधल्या खोलगट भागात आणि खांदे गादीवर. पुष्कळ जण खांदेही उशीवर चढवतात आणि मग उशीला दोष देतात.

पालथं झोपण्यात मान तासन्‌तास एका बाजूला वळलेली राहते. त्यावर उशीचा इलाज नाही. अगदी पातळ उशी घ्या, नाहीतर घेऊच नका. लांब उशी कवटाळून कुशीवर वळायची सवय लावता आली तर उत्तम. रात्रभर कूस बदलणाऱ्यांनी चेनची, आत फोमचे तुकडे भरलेली उशी पाहावी. त्यातले तुकडे काढून उंची कमी करता येते.

हा फोम उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे घाम येणाऱ्यांना उन्हाळ्यात त्रास होतो. सुती अभ्रा घाला. कडाक्याच्या थंडीत हा फोम कडक लागतो. फोम धुऊ नका, उन्हात टाकू नका, सावलीत वारा लागू द्या. घरातली सावरीची उशी योग्य उंचीची असेल आणि सकाळी मान मोकळी असेल, तर तीच वापरा. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कुठलीच उशी नको, गुदमरण्याचा धोका असतो.

मानेपासून हातात कळ उतरत असेल, बोटं बधिर होत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, चालताना तोल जात असेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर उशा बदलत आठवडे घालवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.