फोन त्यांच्याच हातात राहू दे

चि. मनू,


ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइल शिकवण्याची इंटर्नशिप तू घेतलीस, हे ताईकडून कळलं. क्रेडिटसाठी घेतली असलीस तरी काही बिघडत नाही. बँकेत पेन्शनच्या खिडकीमागे नोकरी केलेला मामा म्हणून थोडं सांगतो.

त्यांचा फोन आपल्या हातात घेऊ नकोस. ‘तूच कर गं’ म्हणत ते स्वतःच पुढे करतील. घरी मुलगा-सून तेच करतात. फोन ओढून घ्यायचा, चार ठिकाणी बोट आपटायचं आणि ‘झालं’ म्हणून परत द्यायचा. काम होतं, शिकणं राहतं. लागलं तर हात पाठीमागे बांध, पण तोंडानं सांग. ‘स्क्रोल करा’ नको. ‘काचेवर बोट ठेवून वर सरकवा’ म्हण.

बरेचदा चूक माणसाची नसतेच. वयानं बोटांची कातडी कोरडी पडते, काचेला तिचा स्पर्श चटकन कळत नाही. मग माणूस जोर लावून दाबून धरतो. दाबून धरलं की भलताच मेनू उघडतो, आयकॉन जागचे हलतात, आणि आपण फोन बिघडवला या धास्तीनं तो पुन्हा हात लावत नाही. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ‘टच अँड होल्ड’चा अवधी वाढवता येतो. तो आणि अक्षरांचा आकार, दोन्ही पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून बदलून घे. मराठीत बोलून टाइप करायचा माइकही दाखव.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी झुंबड उडेल. 2014 च्या नोव्हेंबरात त्या दाखल्याचं डिजिटल रूप, ‘जीवन प्रमाण’, आलं तेव्हा बोटांचे किंवा बुबुळाचे ठसे लागायचे. कष्टानं रेषा झिजलेली बोटं यंत्र ओळखत नसे, आणि समोर बसलेला माणूस जिवंत आहे हे यंत्राला पटवता पटवता आमची दुपार जायची. 2021 पासून चेहऱ्यावरून काम होतं. त्याला ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेसआरडी’ अशी दोन ॲप लागतात. पेन्शनचा पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक हाताशी असू देत. अडतं ते बहुधा ओटीपीपाशी, कारण आधी दिलेला नंबर केव्हाच बंद पडलेला असतो. नंबर चालू आहे ना ते आधी विचार, मग ॲप उघडायला सांग. चेहऱ्यावर समोरून उजेड हवा, खिडकी पाठीशी नको.

पैशांच्या बाबतीत मात्र कडक राहा. ‘माझा पिन अमुक’ असं कुणी मोठ्यानं सांगू लागलं तर तिथंच थांबव. पिन टाकताना मान फिरव, आणि आपण ती मुद्दाम फिरवतोय हे त्यांना दिसू दे. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो, हे त्यांना पाठ होईपर्यंत म्हणवून घे. व्हिडिओ कॉलवरून ‘डिजिटल अटक’ करणारा पोलीस नसतो. आपल्या कायद्यात तसली अटकच नाही. 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक त्यांच्या वहीत जाड पेनानं त्यांनाच लिहायला लाव.

फसलेला म्हातारा माणूस मुलांना सांगत नाही. पैशांपेक्षा त्याला भीती असते की आता फोनच काढून घेतील. तो कदाचित तुला सांगेल, तेही क्लास संपल्यावर, चपला घालता घालता. तेव्हा ‘असं कसं केलंत?’ हे तोंडातून जाऊ देऊ नकोस. तिथल्या तिथे 1930 लावायला बस, मग बँकेला कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

शेवटी कॉलेज अहवाल मागेल, किती जणांना शिकवलं ते विचारेल. तो आकडा दे. त्याशेजारी आणखी एक रकाना आखून घे: पुढच्या आठवड्यात न विचारता किती जणांना जमलं. तो आकडा लहान येईल. तरी लिही, आणि मला कळव.

तुझा,
मामा