आमरीच्या पानांवरील डाग

कला शाखेच्या विद्यार्थिनीने झाडांच्या रोगावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. माझा विषय इतिहास. पण आमच्या घरात पुस्तकांच्या कितीतरी आधी झाडे आली. माझे वडील सावंतवाडीजवळच्या एका बंगल्यात माळीकाम करतात. शाळा त्यांना दुसरीपर्यंतच लाभली. औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी त्यांना वाचून दाखवण्याचे काम मी सातवीपासून करीत आले आहे. या लेखातील निम्मी माहिती त्या चिठ्ठ्यांतून व पुस्तकांतून मिळालेली आहे. उरलेली एका चुकीतून.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आपल्याकडे आंब्या-फणसाच्या खोडावर फुलणारी सीतेची वेणी ही त्याच कुळातली. पुष्कळजण तिला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. वास्तविक ती झाडाचा रस शोषीत नाही, नुसती सालीला धरून राहते. बंगल्यात डेंड्रोबियम व व्हँडा या जातींच्या ४३ कुंड्या होत्या. एका जुन्या फणसाखाली त्या टांगलेल्या असत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात फणसाची एक मोठी फांदी विजेच्या तारेवर येऊ लागली. पावसाआधी ती मालकांनी तोडून घेतली. आठ-दहा दिवसांतच पानांवर डाग दिसू लागले. आधी पांढुरके, मग कागदासारखे वाळलेले, तपकिरी. बाबांनी ते पाहिले, रोग ठरवला आणि त्यांना ठाऊक असलेले सर्वांत खात्रीचे औषध काढले : बोर्डो मिश्रण.

हे मिश्रण फ्रान्समधील बोर्दो भागात १८८५ च्या सुमारास द्राक्षांच्या केवडा रोगावर पुढे आले. आमच्याकडे पोफळीच्या कोळेरोगावर ते पावसाळ्याच्या तोंडाशी मारतात. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात मोरचूद १ किलो व चुना १ किलो. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांडे वापरायचे नाही. तयार मिश्रणात कोयत्याचे पाते बुडवायचे. त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला असे समजायचे. बाबांनी यातले काही चुकवले नाही. पाते स्वच्छ निघाले तेव्हाच त्यांनी पंप उचलला.

तरीही डेंड्रोबियमचे कोवळे कोंब काळे पडले. या जातीला तांबे सोसत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पुढे पाऊस लागला, करपलेल्या जागी बुरशी शिरली, आणि श्रावणापर्यंत ११ कुंड्या गेल्या. त्यांची किंमत बाबांच्या पगारातून कापण्यात आली. बाबा काही बोलले नाहीत. बोलायला कारण तर माहीत हवे.

ते कारण मी पुढच्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोधले. पाने पाहण्यासाठी भूगोल विभागातले नकाशे वाचण्याचे भिंग मागून आणले, त्यावरून मैत्रिणींनी माझी पुष्कळ थट्टा केली!

डाग पाहिला की प्रथम तो वाढतो का, हे पाहावे. डागाच्या कडेला बारीक टाचणीची खूण करावी, किंवा त्याचा आकार कागदावर उतरवून तारीख घालावी. उन्हाचा डाग पानाच्या उन्हाकडील अंगाला, बहुधा पान वाकते तिथे पडतो आणि आहे तेवढाच राहतो. भर दुपारी पानाला तळहात लावला तर ते तापलेले लागते. अशा पानाला औषध नको, सावली हवी. निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरते. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, म्हणून घाबरून सगळे पान कापू नये. उरलेल्या हिरव्या भागावर झाड जगत असते.

बुरशीचा डाग सावकाश वाढतो. कधी तो पानाच्या खालच्या बाजूला पिवळा दिसतो व मग काळपट होतो. कधी खोलगट असतो, त्यात वर्तुळे असतात आणि भिंगातून काळे ठिपके दिसतात. हा दुसरा प्रकार उन्हाने भाजलेल्या जागीच पुष्कळदा धरतो. आमच्याकडे नेमके हेच झाले होते. बुरशीच्या बीजाणूंना रुजायला पान काही तास ओले राहावे लागते. म्हणून पाणी सकाळी घालावे, कुंड्या दाटीने टांगू नयेत, पावसाळ्यात वर प्लॅस्टिकचे छप्पर करावे पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात. रोगट भाग कापून जाळावा. तरीही डाग वाढले तर मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम, तेही डब्यावरची चिठ्ठी वाचून, तोंडाला फडके बांधून.

जिवाणूंचा डाग मात्र थांबायला वेळ देत नाही. तो पाणथळ, मऊ असतो, त्याला घाण वास येतो, आणि दोन-चार दिवसांत पान जाते. तिथे डागाच्या पलीकडचे दोन बोटे निरोगी पानही कापावे, झाड कोरडे ठेवावे. प्रत्येक कापणीनंतर पाते ज्योतीवर धरावे, कारण विषाणूचा रोग पात्यावरूनच पसरतो आणि त्याला औषध नाही.

डब्यावर उभ्या टोकाची एक चौकट असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. बाबा हे रंग ओळखतात. लाल सर्वांत जहरी, हिरवा सर्वांत कमी. पण तो रंग माणसाला किती अपाय होईल एवढेच सांगतो. झाडाला काय होईल ते बारीक अक्षरांत असते.

हे सर्व बाबांना सांगताना मी मुद्दाम फांदीपासून सुरुवात केली. मोरचुदाचे शेवटी सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कोंब माझ्या हातान गेले." मी नाही म्हणू शकले नाही.

गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी मला बंगल्यात बोलावले. एका व्हँडाच्या पानावर पांढुरका डाग होता. मी भिंग काढू लागले, तर त्यांनी माझा हात धरून पानावर ठेवला. "ह्यो रोग नाय गो," ते म्हणाले, "ह्यां उनाचां काम." आणि जाळी बांधायला काथ्या आणायला गेले.