बॅटरीवर चालणारा ध्वनिवर्धक

रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक वाड्यांत पूर्वी विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या. रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्रही १९७७ साली सुरू झाले. तोवर श्रोत्यांची सारी भिस्त दूरच्या केंद्रांवर असे. दुरून येणारा संकेत फार क्षीण असतो. त्याला बळ देण्याचे काम निर्वात नलिका करी. आणि जेथे वीज नसे, तेथे ही नलिका बॅटरीवर चाले. असा लहानसा ध्वनिवर्धक हौशी मंडळी आजही घरी तयार करतात.

या काचेच्या नलिकेत तंतू, जाळी आणि पट्टिका हे मुख्य भाग असतात. तंतू तापला, की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडून पट्टिकेकडे धावतात. वाटेतील जाळीवर क्षीण संकेत दिला, की त्याच्या चढउतारांप्रमाणे हा ओघ कमीजास्त होतो. पाटाच्या तोंडाशी लावलेली फळी किंचित हलवली, तरी पाण्याचा मोठा लोट आवरतो किंवा सुटतो. तसेच हे आहे. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी ही जाळी योजिली.

मग तंतू घरातील विजेवर का तापवू नये? ती वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. या नलिकांचा तंतू अतिशय बारीक असून इलेक्ट्रॉनही तोच सोडतो. त्यामुळे विजेचा प्रत्येक हेलकावा ध्वनीत उतरतो आणि गाण्याबरोबर घरघर ऐकू येते. बॅटरीचा प्रवाह मात्र एकाच दिशेने संथ वाहतो.

'१ एस ५' आणि '३ एस ४' या दोन नलिकांचे तंतू १.४ व्होल्टवर समांतर जोडल्यास अनुक्रमे ०.०५ व ०.१० अँपिअर, म्हणजे एकूण ०.१५ अँपिअर प्रवाह लागतो. १.५ व्होल्टचा शुष्क घट त्यांना थेट चालतो. परंतु शिशाच्या संचायक घटाचा दाब २ व्होल्ट असतो. अधिकचे ०.६ व्होल्ट रोधकाने अडवावे लागतात. ०.६ ला ०.१५ ने भागले असता ४ येतात. म्हणून ४ ओहमचा रोधक जोडावा.

पट्टिकेसाठी ९० व्होल्टची निराळी बॅटरी लागते. तिची तार चुकून तंतूला लागली, तर नलिका क्षणात निकामी होते. यास्तव तारा जोडण्यापूर्वी दोनदा पाहावे. नाजूक तंतूला हवा तेवढाच दाब मिळाला, तरच तो दीर्घकाळ सेवा करतो.