वैद्यकीय शिक्षणासाठी विषयांची निवड

अकरावीत मुलाने वाणिज्य शाखाच घ्यावी, ही आपल्या व्यापारी घरांतील जुनी रीत. परंतु ज्यास डॉक्टर व्हावयाचे आहे त्याचा मार्ग याच वळणावर ठरतो. अमेरिकेत आधी पदवी व मग वैद्यक. आपल्याकडे बारावीनंतर लगेच प्रवेशपरीक्षा. तीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय हवेत. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे व उरलेल्या दोहोंचे प्रत्येकी १८०. म्हणून पाठांतरावर भर देणारे पुष्कळ; भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीत मात्र ते अडतात. ज्यास झेपेल त्याने गणितही ठेवावे, असे माझे मत आहे. तेणेकरून अभियांत्रिकीची वाटही मोकळी राहते.

बेडूक चिरावा लागेल म्हणून आपल्या घरांतून जीवशास्त्राविषयी संकोच असे, व तो अकारण नव्हता. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ सालीच प्राणिशास्त्राच्या वर्गांतील प्राणिविच्छेदन बंद करण्यास सांगितले. वैद्यकात शरीररचना शिकतात ती मानवी मृतदेहावर, व त्यांतील कित्येक देह दात्यांनी स्वेच्छेने दिलेले असतात.

भोपाळात गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे. पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके २०२२ साली याच नगरीत प्रकाशित झाली. तरीही पुढील बहुतेक ग्रंथ इंग्रजीतच वाचावे लागतात.