गाडी झाली, पासिंगचं काय?

बीड

चि. ओंकार यास,


दाजींनी पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. मडगार्डचा तो गोलावा तू खरोखर हातानं ठोकून काढला असशील, तर तुझ्या हातात कसब आहे. १९३०च्या सुमाराच्या फोर्डचं नाक केजच्या शेडमध्ये भंगारातल्या पत्र्यातून उभं राहील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. कौतुक इथंच थांबवतो, कारण तू विचारलं आहेस ते वेगळंच: "मामा, हिचं पासिंग होईल का?" आरटीओत नोकरीला असतो तर 'नाही' एवढा शेरा मारून कागद परत केला असता. आता रिटायर आहे आणि तू भाचा आहेस, म्हणून कारणंही सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम ३९प्रमाणं नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नोंदणीचा अर्ज फॉर्म २०. त्याला विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म २१, आणि गाडी बनवणाऱ्याचा फॉर्म २२ जोडावा लागतो. सगळी मेख या फॉर्म २२मध्ये आहे. गाडी नियमांप्रमाणं बनली आहे आणि रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, अशी लेखी हमी कारखानदार त्यात देतो. ही हमी कुणीही उठून देऊ शकत नाही. १९८९च्या केंद्रीय नियमांतला नियम १२६ सांगतो की आधी नमुन्याची गाडी सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्या. अशा संस्था आपल्यापासून लांब नाहीत. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी आहेत, नगरजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या इन्स्पेक्टरला तुझी गाडी कितीही आवडली, तरी त्या संस्थांच्या मंजुरीशिवाय एमएच-२३ किंवा एमएच-४४चा नंबर देणं त्याच्या हातात नाही. त्याच्यावर चिडू नकोस, आणि ओळख काढून त्याच्याकडं कुणाला पाठवूही नकोस.

मग सरळ पुण्याला का जाऊ नये, असं तू म्हणशील. ही तपासणी हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीचं माप घेऊन बेतली आहे. मोटारीसाठी समोरून धडकेची चाचणी असते, ताशी ५६ किलोमीटरनं. बाजूनं धडकेची वेगळी. कंपनी त्यासाठी एकदोन गाड्या फोडते आणि उरलेल्या विकते. तुझ्याकडं गाडीच एक. ती पास झाली हे सिद्ध करायला तीच फोडावी लागेल! धुराचा प्रश्न त्याहून आधी येतो. १ एप्रिल २०२०पासून नव्या गाडीला बीएस-सिक्सचं बंधन आहे, आणि तू बसवलेलं जुन्या ओम्नी व्हॅनचं इंजिन त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे बॉडीकडं कुणी बघण्याआधीच अर्ज इंजिनापाशी अडतो.

ही व्यवस्था मला स्वतःला पुरेशी वाटत नाही. इंग्लंडात घरी बांधलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी होते. ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, टोकदार कडा असं सगळं बघतात, चुका लिहून देतात, दुरुस्त करून परत आणायला सांगतात. अमेरिकेनं तर जुन्या मॉडेलची हुबेहूब नक्कल करणाऱ्या छोट्या कारखान्यांना वर्षाला ३२५ गाड्यांपर्यंत सवलत दिली. कायदा २०१५चा, त्याचे नियम २०२१चे. आपल्याकडं ही मधली पायरीच नाही. ती असावी असं मी म्हणेन. पण ती येईपर्यंत आहे त्या कायद्यात राहायचं, याला माझ्याकडं पर्याय नाही.

आपल्या राज्यात अशी गाडी कुणी काढलीच नाही असंही नाही. अलिबागच्या चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या धर्तीची उघडी रोडस्टर काढली, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून. पण तो कारखाना होता, छंद नव्हे.

तुझ्या जवळचं उदाहरण सांगलीकडचं. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत गेला. त्यांनी कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं, की ही गाडी नियमात बसत नाही, अधिकारी आज ना उद्या ती थांबवतीलच. ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारीत लोहारांच्या दारात बोलेरो आली. लोकांना बोलेरो लक्षात राहिली. मला महिंद्रांचं ते मधलं वाक्य महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याचा धंदाच जीप बनवायचा त्यालाही त्या जीपला नंबर मिळवून देता येईल असं वाटलं नाही. तुला बोलेरो द्यायला कुणी येईल या हिशेबावर राहू नकोस.

आता ज्याची मला खरी धास्ती आहे त्याकडं येतो. भंगारवाल्यानं तुला सांगितलं म्हणे, की एखाद्या जुन्या जीपचं आरसी घ्यायचं, तो चासी नंबर आपल्या पाईपवर पंच करायचा, झालं पासिंग. ओंकार, या वाटेला जाऊ नकोस. चासी नंबर ही गाडीची ओळख. मेलेल्या गाडीचा नंबर जिवंत गाडीवर ठोकणं म्हणजे बनावट दस्तऐवज. तिथं आरटीओचा दंड संपतो आणि पोलीस ठाणं सुरू होतं. ओम्नीच्याच आरसीवर ही बॉडी चालवू, असंही मनात आणू नकोस. कलम ५२प्रमाणं आरसीतला तपशील कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल चालत नाही. केरळच्या एका प्रकरणात जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा एकेका बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड ठेवला.

पाच हजार तू भरशीलही. पण नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. मांजरसुंब्याच्या घाटात कुणाला तुझी धडक बसली, तर भरपाई तुझ्या नावावर निघेल आणि ती दाजींच्या वावरातून वसूल होईल. अपघात दाव्यांची कागदपत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातले आकडे ऐकलेस तर हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवशील.

'व्हिंटेज'ची पाटीही मिळणार नाही. जुलै २०२१च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेचे नंबर आले खरे. नोंदणी वीस हजारात, दहा वर्षांसाठी. पण ते पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या खऱ्या गाडीला, आणि तिची चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसेल तरच. तीसुद्धा रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. रोजच्या वापराला किंवा भाड्याला नाही. तुझी गाडी दिसायला नव्वद वर्षांची असली तरी कागदावर तिचा जन्मच झालेला नाही.

फोटोत मला जे खटकलं ते कायद्यापेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून नीट वाच. ओम्नीत ड्रायव्हर इंजिनावर बसतो आणि स्टेअरिंगचा रॉड जवळजवळ उभा असतो. तू लांब बॉनेट काढून ड्रायव्हरला मागं नेलंस, त्यामुळं तो रॉड आडवा झाला आणि थेट छातीच्या रोखानं आला. तोही एका सलग पाईपचा दिसतो. समोरून ठोकर बसली तर तो भाल्यासारखा आत येईल. नव्या गाडीतला रॉड धडकेत दबावा, मुडपावा असाच बनवलेला असतो. धडकेच्या चाचणीचा हट्ट कुणाच्या डोक्यात उगाच आलेला नाही, तो अशा मेलेल्या ड्रायव्हरांवरून आला आहे. दोन युनिव्हर्सल जॉइंट टाकून रॉड कोनात मोड, आणि स्टेअरिंगच्या कुठल्याही सांध्याला स्वतः वेल्डिंग करू नकोस.

ब्रेकचंही तसंच. ओम्नीचे ब्रेक ओम्नीच्या वजनाच्या वाटणीसाठी बसवलेले. तू वजन हलवलंस, तर पुढची आणि मागची चाकं किती जोरानं धरायची हा हिशेब बदलला. मागची आधी जाम झाली की गाडी गर्रकन फिरते. शेताच्या सपाट पट्ट्यात, एकट्यानं, हळू वेगात तपास. वाऱ्यावरच्या पोरांना टपावर बसवून नाही.

मग गाडीचं करायचं काय? पूर्ण कर. कॉलेजच्या प्रदर्शनात ठेव, टेम्पोवर चढवून मंगल कार्यालयाच्या लॉनवर फोटोसाठी उभी कर. नवरानवरी तिच्यात बसून फोटो काढतील, त्याचे पैसेही देतील. वरातीत मात्र रस्त्यावर नको, घराच्या फाट्यापर्यंतही नको. रस्त्यावर जुनी गाडी चालवायचीच हौस असेल, तर पन्नास वर्षांपूर्वी नोंद झालेली, मूळ इंजिनाची, पूर्ण कागदाची फियाट शोध आणि तिच्यावर हात चालव. ठोकायचं काम तितकंच मिळेल. पैशाचं दाजींशी मी बोलेन, पण गाडी आधी मी बघणार.

तूर्त एक काम लगेच कर. ज्या ओम्नीचं इंजिन काढलंस तिचं आरसी अजून कुणाच्या नावावर आहे? गाडी मोडीत काढली की चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, कलम ५५. मूळ मालकाकडून तो कागद झाला का विचार. झाला नसेल तर त्याला घेऊन सोमवारी बीडला ये. सोबत इंजिन नंबरचा फोटो, विक्रीची पावती आणि स्टेअरिंगच्या सांध्याचा जवळून काढलेला एक फोटो आण. अक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा