दुकानातील संगणक सुरू होत नाही तेव्हा

आपल्या वडिलांच्या पिढीने रोजकीर्द व खतावणी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत लिहिली. वही उघडावयास विजेची गरज नव्हती. आज पेढीची बाकी, उधारी, मालाची आवक-जावक व कराची विवरणपत्रे ही सर्व संगणकाच्या पोटात गेली आहेत. सकाळी दुकान उघडावे, बटण दाबावे आणि यंत्राने हूं की चूं करू नये, अशी वेळ आली म्हणजे भल्याभल्या व्यापाऱ्याचा धीर सुटतो. अशा प्रसंगी काय करावे आणि काय करू नये, याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे, तंत्रज्ञ नव्हे. तथापि जे शिकलो ते पदरचे पैसे मोजून शिकलो, एवढा अधिकार मात्र आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महिन्याची २० तारीख होती, म्हणजे विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस. त्याच सकाळी खेड्यातील एक किरकोळ दुकानदार आला व म्हणाला, "सावकार, माझी बाकी किती ती सांगा. आज सगळी चुकती करतो." बटण दाबले, यंत्र मुके. आकडा सांगता येईना. तो बिचारा पैसे घेऊन परत गेला. मी घाबरून एका दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले. त्याने न तपासताच "मदरबोर्ड जळाला" असे सांगितले व मी मान डोलावली. यंत्र तिसऱ्या दिवशी परत आले. नवा मदरबोर्ड बसविला होता, आणि यंत्रणा नव्याने घालताना आतील हिशेब पुसला गेला होता. एवढे करून ते जागेवर लावले, तर पुन्हा मुकेच! तेव्हा पुतण्याने त्याच जोडफळीत टेबलपंखा लावून पाहिला. पंखाही फिरेना. पोत्यांच्या थप्पीचा धक्का लागून फळीतील तार निसटली होती. दोष चार आण्यांचा, दंड हजारांचा.

तात्पर्य असे की, तपासणी बाहेरून आत व स्वस्ताकडून महागाकडे न्यावी. तराजूचे पारडे स्थिर होईना, तर आपण दांडी मोडून पाहत नाही. आधी पारड्याखाली दाणा अडकला आहे काय ते पाहतो. संगणकाचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट, यंत्र खरोखर बंद आहे काय ते ठरवावे. दिवा लागत असेल, आतील पंख्याचा आवाज येत असेल आणि केवळ पडदा काळा असेल, तर वीज पोहोचली आहे. दोष पडद्याचा, त्याच्या केबलचा किंवा आतील रॅमचा असू शकेल. दिवा नाही, आवाज नाही, तरच पुढील क्रम धरावा.

दुसरी गोष्ट, भिंत. त्याच खटक्यात टेबलदिवा लावून पाहावा. तो लागला नाही तर संगणकास दोष देण्याचे कारण नाही. मग जोडफळी आणि यूपीएस यांना वगळून संगणकाची वायर सरळ भिंतीत लावावी. यूपीएसमधील बॅटरी साधारणपणे तीन-चार वर्षांत थकते, आणि बॅटरी पार संपली म्हणजे कित्येक यूपीएस वीज असूनही सुरू होत नाहीत. भिंतीवर यंत्र चालले तर दोषी सापडला.

तिसरी गोष्ट, वायर. पुष्कळ मॉनिटरांची वायर व संगणकाची वायर एकाच जातीची असते. ती अदलाबदल करून पाहावी. संगणकाच्या पाठीमागे, वायर जेथे शिरते तेथे, बहुधा एक लहान खटका असतो. त्यावर उभी रेघ म्हणजे चालू व वर्तुळ म्हणजे बंद. झाडलोट करताना तो बंद पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

चौथी गोष्ट, विसावा. वळवाच्या पावसात वीज जात-येत असता यंत्रातील संरक्षक योजना कधी कधी स्वतःस अडवून घेते. अशा वेळी वायर काढावी, प्रिंटर, पेन ड्राइव्ह आदी सर्व जोडण्या सोडवाव्यात, पुढील बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, पाच मिनिटे थांबावे आणि केवळ विजेची वायर लावून पुन्हा पाहावे. सुरू झाल्यास एकेक जोडणी परत लावावी; ज्या जोडणीने यंत्र पुन्हा अडेल, ती सदोष समजावी.

पाचवी गोष्ट, पेटी उघडणे. वायर पूर्णपणे काढल्याखेरीज पेटीस हात लावू नये. धान्याच्या दुकानात भुसा, धूळ व उंदीर यांचे राज्य असते. कुरतडलेली तार दिसली तर तेथेच थांबून तंत्रज्ञास दाखवावी. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, निसटलेली जोडणी घट्ट बसवावी. आत स्पर्श करण्यापूर्वी पेटीच्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर विजेने नाजूक भागास इजा होत नाही.

आता एक कडक सूचना. घरातील २३० व्होल्टची वीज उतरवून १२, ५ व ३.३ व्होल्ट करणारी जी धातूची डबी यंत्रात असते, तिला एसएमपीएस म्हणतात. यंत्र निर्जीव होण्याचे ती एक नेहमीचे कारण आहे. परंतु वायर काढल्यानंतरही तिच्यात जिवावर बेतणारी वीज काही काळ साठून राहते. ती कदापि उघडू नये. बिघडल्यास संपूर्ण बदलावी. जळका वास, धूर किंवा फटाक्यासारखा आवाज आल्यास बटण पुन्हा दाबण्याचा मोह टाळावा व भिंतीवरील खटका तत्काळ बंद करावा.

एवढ्यानेही काम न झाल्यास यंत्र तंत्रज्ञाच्या हाती द्यावे. मात्र येथेच माझी मोठी चूक झाली होती, ती आपण करू नये. यंत्र सुरू न होणे आणि हिशेब नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी होत. हिशेब डिस्कवर असतो. एसएमपीएस किंवा मदरबोर्ड बिघडला तरी डिस्क बहुधा शाबूत राहते, आणि ती दुसऱ्या संगणकास जोडून हिशेब काढून घेता येतो. म्हणून यंत्र देताना "डिस्कवरील काहीही पुसू नये" असे पावतीवर लिहून घ्यावे. जुना भाग बदलला असेल तर तो परत मागावा.

आणि मुळात ती वेळच येऊ नये म्हणून रोज दिवे मालविण्यापूर्वी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. पेन ड्राइव्ह दोन असावेत, आलटून पालटून वापरावेत व एक घरी न्यावा. आठवड्यातून एकदा उधारीची यादी कागदावर छापून तिजोरीत ठेवावी.

त्या दुकानदाराचे पुढे काय झाले, हे सांगून लेख पुरा करतो. आठवड्याने तो पुन्हा आला. माझ्याजवळ आकडा नव्हताच. त्याने खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, आपली बाकी स्वतःच वाचून दाखविली आणि तेवढे पैसे मोजून दिले. माझ्या पेढीचा हिशेब त्या दिवशी त्याच्या चिठ्ठीवर चालला. त्याच्या सचोटीला मी हात जोडले. परंतु गिऱ्हाइकाचा आकडा सांभाळणे हे पेढीचे काम आहे, गिऱ्हाइकाचे नव्हे, ही बोच अद्याप गेलेली नाही. त्या रात्रीपासून प्रत घेतल्यावाचून माझ्या दुकानाचे कुलूप लागलेले नाही.